पिलू घरी आणण्यापूर्वी

दत्तगुरूंच्या चित्रात त्यांच्या पायाशी चार श्वान असतात आणि खंडोबाच्या सोबतीलाही कुत्रा असतो. शेतकऱ्याच्या खळ्यावर, धनगराच्या वाड्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या राखण करीत आला आहे. कुत्रे पाळणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नव्हे. नवा आहे तो कुत्रा मिळवण्याचा मार्ग. पूर्वी गावात कोणाकडे कुत्री व्याली की एखादे पिलू मागून आणले जाई. त्याची आई कोणती, तिचा स्वभाव कसा, हे साऱ्या आळीला ठाऊक असे. आज शहरातील कुटुंब पिलू विकत घेते, तेव्हा त्याची आई सहसा दृष्टीस पडत नाही आणि ती पाहावी असे घेणाऱ्यालाही क्वचितच वाटते. पुढे होणाऱ्या मनस्तापाचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

जात कोणती, रंग कोणता, किंमत किती, एवढीच चौकशी बहुधा होते. मुलाचा वाढदिवस किंवा शेजाऱ्याने आणलेले पिलू एवढे निमित्तही पुरते. २००३ साली एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग घरोघरी पोहोचला आणि या जातीची मागणी एकाएकी वाढली. चपट्या तोंडाच्या या कुत्र्याला उन्हाळ्यात श्वास घेणे जड जाते, हे मात्र जाहिरातीत सांगितलेले नव्हते. बर्फाळ प्रदेशात गाडी ओढण्यासाठी जोपासलेली हस्की जात विदर्भातील उन्हात आणून ठेवणे हा तर त्या प्राण्याला होणारा जाचच होय. व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणण्यावर केंद्र शासनाने २०१६ मध्ये निर्बंध घातले. तथापि त्यापूर्वी येथे आलेल्या जातींची पैदास चालूच आहे.

आठ आठवड्यांचे महत्त्व

श्वानप्रजनन व विक्री यांसंबंधी केंद्र शासनाने २०१७ मध्ये केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिलू विकता येत नाही. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणेही आवश्यक आहे. ग्राहकाला मात्र पिलू जितके लहान तितके बरे, ते लवकर ‘लळा लावेल’, असे वाटते. हा समज चुकीचा आहे. तिसऱ्या आठवड्यापासून पिलू आई आणि भावंडे यांच्यासोबत खेळू लागते. खेळताना जोराने चावले तर भावंड ओरडून दूर होते, आई दटावते. दात किती रोवावा याचे पहिले शिक्षण असे मिळते. महिन्याभरातच तोडून आणलेले पिलू या शिक्षणाला मुकते आणि पुढे घरातील मुलांच्या हाताला चावू लागले म्हणजे ‘जातच वाईट’ असा शेरा मिळवते.

दुसरा धोका रोगाचा. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण ओसरत असताना आणि लस पूर्ण झालेली नसताना पिलांना पार्वो हा विषाणुजन्य रोग जडतो. लागण झाल्यावर लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः तीन ते सात दिवस जातात. त्यामुळे विकत घेताना टवटवीत दिसलेले पिलू आठवड्याच्या आत उलट्या व रक्ताचे जुलाब होऊन दगावू शकते. हा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो. अशा घरात लागलीच दुसरे पिलू आणले तर त्यालाही तोच रोग होण्याची भीती असते. म्हणून पिलाची आई प्रत्यक्ष पाहणे, पैदासकाराचे नोंदणीपत्र आणि लसीकरणाची नोंद मागणे, यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. जो विक्रेता पिलू रस्त्यात किंवा बसस्थानकावर हाती देऊ पाहतो, त्याच्याकडून ते न घेतलेलेच बरे.

‘गावठी’ म्हणजे काय?

मराठी माणूस गावठी कोंबडीला आणि गावठी अंड्याला जादा पैसे मोजतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र हाच शब्द नाक मुरडून उच्चारला जातो. वस्तुतः या मातीत शतकानुशतके तगलेला कुत्रा येथील हवामानास सरावलेला असतो आणि त्याच्या अंगावरील आखूड केसांची निगाही फारशी राखावी लागत नाही. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेल्या शिकारी कुत्र्याची जात २०२० मध्ये राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली. देशी जातींविषयीचे हे कुतूहल स्वागतार्ह आहे. पण मुधोळ हा धावणारा कुत्रा. त्याला दोन खोल्यांच्या सदनिकेत बांधून ठेवणे हीदेखील एक हौसच म्हणावी लागेल!

दत्तक देण्यासाठी ठेवलेल्या पिलांमध्ये माद्या मागे राहतात, कारण ‘कुत्री नको, कुत्राच हवा’ असा आग्रह सर्रास आढळतो. मादी वर्षातून बहुधा दोनदा माजावर येते आणि पिलांचे काय करायचे, या धास्तीने लोक तिला नाकारतात. निर्बीजीकरणाच्या एका शस्त्रक्रियेने ही धास्ती कायमची मिटते. एकदा तरी वेत होऊ द्यावे, हा समज पशुवैद्यकास मान्य नाही.

कुत्रा नकोसा झाला म्हणून त्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हा आहे. परंतु त्या अधिनियमाने पहिल्या गुन्ह्यासाठी ठरवलेला दंड १० ते ५० रुपये इतकाच होता. एवढ्याशा रकमेचा धाक कोणाला वाटणार?

रस्त्यावरील कुत्रा दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यास महानगरपालिका किंवा नगरपालिकेकडे अर्ज करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नमूद केले आहे. निवडलेल्या कुत्र्याला ओळखपट्टी लावून ते अर्जदाराच्या स्वाधीन केले जावे आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची राहील, असे त्या आदेशात म्हटले आहे. असे कुत्रे घरी आणल्यावर प्रथम पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे. पिलू असल्यास ते तीन महिन्यांचे होताच रेबीजची लस टोचून घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र जपून ठेवावे. मुंबईसारख्या शहरात महानगरपालिकेचा श्वान परवाना काढताना ते लागते.