युद्धाला एकट्याचा नकार

युद्धाला विरोध म्हटला की मिरवणुका व घोषणा डोळ्यांपुढे येतात. परंतु आपल्या देशात असाही एक युद्धविरोध होऊन गेला, की ज्यात गर्दी मुद्दाम टाळण्यात आली होती. तो म्हणजे 1940 सालचा वैयक्तिक सत्याग्रह.

1939 च्या सप्टेंबरात व्हाइसरॉयांनी लोकप्रतिनिधींस न विचारता हिंदुस्थानास युद्धात ओढले. पुढल्या जुलैत आपल्या पुण्यास काँग्रेस महासमिती भरली. राष्ट्रीय सरकार मिळाल्यास युद्धास साहाय्य करण्याची तयारी तिने दर्शविली. ती मागणी मान्य झाली नाही. यावरून ध्यानात येईल की, पुष्कळांचा विरोध परतंत्र देशावर लादलेल्या युद्धाला होता. युद्धमात्र त्याज्य मानणारे थोडेच होते.

गांधीजींनी पहिला सत्याग्रही निवडला तो या थोड्यांतील : विनोबा भावे. दुसरे पंडित नेहरू. त्यांचा विरोध मुख्यतः स्वातंत्र्याच्या दृष्टीचा होता. रीत साधी होती. सत्याग्रहीने वेळ व ठिकाण अधिकाऱ्यांस आगाऊ कळवावे आणि माणसे वा पैसा देऊन या युद्धास मदत करणे अयोग्य आहे, असे लोकांस उघड सांगावे. 17 ऑक्टोबर 1940 रोजी वर्ध्याजवळील पवनारला विनोबांनी तसे भाषण केले. चार दिवसांनी त्यांना अटक होऊन तीन महिन्यांची शिक्षा झाली. खुद्द इंग्लंडात मात्र सदसद्विवेकबुद्धीस स्मरून लढण्यास नकार देणाऱ्यांचे म्हणणे ऐकण्यास न्यायमंडळे नेमलेली होती!

फळ काय मिळाले? 1941 च्या मध्यापर्यंत वीस हजारांहून अधिक सत्याग्रही तुरुंगात गेले. तरी युद्ध थांबले नाही. उलट हिंदी सैन्य वाढत जाऊन सुमारे 25 लाखांवर पोहोचले. त्यात पोटासाठी गेलेली खेड्यांतील मुले पुष्कळ होती.

म्हणूनच एक गोष्ट मला मोलाची वाटते. त्या प्रतिज्ञेत शिपायाची निंदा नव्हती. आमच्या कुरकुंभास फिरंगाईच्या देवळापुढे उभे राहून कोणी युद्धाविरुद्ध बोलू लागला, तर ऐकणाऱ्यांत एखाद्या जवानाची आई असेल. तिची मान खाली न घालविता, स्वतः शिक्षा सोसण्याची तयारी ठेवून जो बोलेल, त्याचेच बोलणे गाव ऐकून घेईल. शांततेचे कार्य करू इच्छिणाऱ्याने पवनारचा हा धडा विसरू नये.