पडलेल्या दिवसांचा हिशेब शरीर मागत नाही

आमच्या कोर्टाच्या जुन्या इमारतीला तीन मजले आहेत आणि लिफ्ट नाही. पाय मोडल्यानंतर सात महिन्यांनी काळा कोट घालून मी त्या पायऱ्या पुन्हा चढलो. पहिल्याच मजल्यावर धाप लागली. दुसऱ्यावर कठडा धरून उभा राहिलो. माझी पक्षकार, पासष्टीची शेतमजूर बाई, माझ्या आधी वर पोहोचली होती. ती वरून म्हणाली, "वकीलसायेब, दमानं या. पुकारा झाला तर मी सांगते, सायेब येऊन राहिलेत म्हणून." तिच्या जमिनीसाठी मी लढणार होतो आणि साहेबांसमोर वेळ मात्र ती माझ्यासाठी मागणार होती! त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

पावसात मोटारसायकल घसरली आणि उजव्या पायाच्या नळीचे हाड मोडले. सळई बसवली. हाड जुळायला वेळ लागला आणि कुबड्या पाच महिने सुटल्या नाहीत. मांडी काडीसारखी झाली. वजन वाढले, रक्तातील साखर सीमेवर आली. तरुणपणी समता सैनिक दलाच्या संचलनात मी पुढच्या रांगेत असे. अपघातापर्यंत रोज पहाटे पाच किलोमीटर चालणे आणि बैठका हा माझा नेम होता. म्हणून डॉक्टरांनी चालायला परवानगी देताच मी काय केले? पहिल्याच आठवड्यात जुने पाच किलोमीटर गाठले! नडगी सुजली, दुखणे उलटले आणि आणखी सहा आठवडे सक्तीची विश्रांती पदरात पडली. यात दोष ना डॉक्टरांचा, ना नशिबाचा. दोष माझ्या अहंकाराचा.

शरीर किती लवकर उतरते आणि पुन्हा कसे चढते, याचा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस शहरात विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून ठेवले. त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तेव्हा असे दिसले की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढे नुकसान केले नव्हते, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केले होते. मग पन्नाशीतल्या त्या माणसांना सुमारे सहा महिने, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला. विशीत प्रयोगाच्या आरंभी त्यांची जी क्षमता होती, तिथे ते सरासरीने परत आले. तरुणपणी व्यायामाने गाठलेला उच्चांक मात्र कोणालाच पुन्हा गाठता आला नाही. यातील दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

आम्हा वकिलांना मुदत कायद्याचे कलम ५ पाठ असते. अपिलाला उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो, पुरेसे कारण दाखवावे लागते. शरीराच्या कोर्टात असा अर्ज लागत नाही. सात महिने का पडून होता, हे ते विचारत नाही. त्याची अट एकच आहे. जिथे सोडले तिथून नव्हे, आज जिथे आहोत तिथून सुरुवात करा.

दुसऱ्या खेपेला मी ही अट पाळली. आधी डॉक्टरांना विचारले. चाळिशीनंतर, त्यातही साखर, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर हे टाळू नये. मग विहाराच्या मैदानावर रोज दहा मिनिटे चाललो, एक मिनिटही जास्त नाही. ओळखीची पोरे म्हणायची, "काका, पूर्वी तुम्ही आम्हाला मागे टाकायचात." ऐकून घेतले. दर आठवड्याला थोडी मिनिटे वाढवली. वेग असा ठेवला की बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. घरी हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस केली. आधी पाच वेळा, मग दहा. दम लवकर परत येतो. हाडे आणि स्नायुबंध मागून येतात. दम साथ देतो म्हणून पायावर घाई लादली की सूज आलीच. व्यायामानंतर दोन-तीन दिवस अंग दुखणे स्वाभाविक आहे. सांध्यात कळ येणे, सूज चढणे किंवा छातीत दुखणे मात्र थांबण्याचा हुकूम समजावा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये, ठरलेले तेवढेच करावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवला. तिथे पोहोचायला मला चार महिने लागले. पण थोडी हालचालही काहीच न करण्यापेक्षा बरी, हेही त्याच संघटनेचे म्हणणे आहे.

आता आपल्या कार्यकर्त्यांविषयी स्पष्ट बोलतो. रात्रीच्या बैठका, चहावर काढलेले दिवस, मोर्चे, प्रवास! प्रकृतीची हेळसांड म्हणजेच त्याग, असा समज आपल्यात रुजला आहे. बाबासाहेबांना मधुमेहाने आणि संधिवाताने छळले, तरी ते लिहीत राहिले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांचे आजारपण हा आपल्या आळसाला दाखला कसा होईल? आजारी पडलेल्या कार्यकर्त्याचे काम थांबत नाही, ते घरच्या बाईच्या आणि सहकाऱ्यांच्या खांद्यावर जाते. माझ्या सात महिन्यांत माझ्या तारखा सहकारी वकिलांनी सांभाळल्या आणि मला उठवून बसवण्याचे काम पत्नीने केले. हा त्याग त्यांचा होता, माझा नव्हता.

गेल्या महिन्यात त्याच बाईच्या दाव्याची तारीख होती. आम्ही दोघे बरोबरच पायऱ्या चढलो. तिसऱ्या मजल्यावर धाप दोघांनाही लागली. ती हसून म्हणाली, "आता जमतंय बघा, सायेब." पुकारा झाला तेव्हा मी कोर्टात उभा होतो.

आजारपणाने, अपघाताने, बाळंतपणाने किंवा दुःखाने ज्यांचा व्यायाम सुटला आहे, त्या बंधू-भगिनींना एवढेच सांगणे आहे की जुना आकडा विसरा. डॉक्टरांना विचारा आणि उद्या सकाळी दहा मिनिटे चाला. परवा पुन्हा दहा. आपल्याला अजून पुष्कळ पायऱ्या चढायच्या आहेत.