चमच्याची मूठ जाड का करायची?

एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने पडणारे बल म्हणजे दाब, ही व्याख्या आपण परीक्षेसाठी पाठ करतो. याच व्याख्येने एखाद्याची बोटे वाचू शकतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक म्हणून आले. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. एकदा गंजलेले कुलूप डॉक्टरांना उघडेना. कुष्ठरोग झालेल्या एका मुलाने किल्ली घेतली आणि सहज फिरवली. पाहतात तो त्याच्या बोटातून रक्त वाहत होते! किल्लीची कड मांसात रुतली, तरी त्याला कळले नव्हते. रोगाने नसा बधिर होतात, नकळत जखमा होतात आणि त्यातून बोटे झिजतात, हे ब्रँड यांच्या लक्षात आले.

आता गणित पाहा. बल तेवढेच ठेवून टेकणारी जागा चौपट केली, तर दाब पाव होतो. म्हणून किल्लीला रुंद लाकडी मूठ बसवली, तर कड रुतत नाही. चहाच्या कपाला लाकडी किंवा कापडी आवरण घातले, तर बधिर हात भाजत नाही.

अर्धांगवायू किंवा संधिवात झालेल्यांची अडचण वेगळी असते. त्यांची मूठ पूर्ण मिटत नाही, म्हणून बारीक चमचा निसटतो. दांड्याला फोम किंवा कापडी पट्टी गुंडाळून तो जाड केला, की पकड बसते. खर्च थोड्या रुपयांचा. मात्र पट्टी काढून धुता आली पाहिजे.

आखडणाऱ्या हातासाठी स्प्लिंट, म्हणजे आधारपट्टी, देतात. त्यात मनगट बहुधा २० ते ३० अंश मागे झुकलेले ठेवतात. गरम पाण्यात मऊ होणारे प्लॅस्टिक हातावर नेमके बसते, पण महाग पडते. प्लॅस्टर स्वस्त, पण जड असते आणि पाण्यात टिकत नाही. कोणतेही वापरा, पट्टा अरुंद असला, कडा टोचल्या किंवा उकाड्यात घाम साचला, तर ती वस्तू कपाटात जाते आणि हात आखडतच राहतो. म्हणून रुंद पट्टे, गोल कडा, आत सुती कापड आणि एका हाताने लावता येणारे वेल्क्रो हवे. सुरुवातीला अर्ध्या तासाने काढून त्वचा पाहावी. लाली वीस मिनिटांत गेली नाही, तर स्प्लिंट दुरुस्त करून घ्यावे.

पालकांना विनंती, की स्प्लिंट घरी बनवू नये. ते तज्ज्ञांकडूनच घ्यावे. चमच्याची मूठ मात्र मुलांना जरूर करू द्यावी. आणि मुलांनो, मोजमाप घेण्याआधी आजोबांनाच विचारा, "कुठे टोचतं?" विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळो न मिळो, आजोबांनी आपल्या हाताने आमटी-भात खाल्ला, की तुमचा प्रयोग यशस्वी झाला असे समजा.