नोटेवरचा देव आणि घटनेतला एक शब्द

जयगडच्या बहुतेक घरांतला कोणी ना कोणी जहाजावर किंवा आखातात नोकरीला असतो. त्यामुळे परदेशी नोटांचे आमच्या विद्यार्थ्यांना फारसे अप्रूप नाही. परवा वर्गात संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन झाल्यावर एका मुलीने मामूने दिलेली डॉलरची नोट पुढे केली. “यावर देवाचे नाव आहे. म्हणजे अमेरिका ख्रिश्चनांची. मग आपला देश कुणाचा?” तिच्या प्रश्नात कुतूहलापेक्षा काळजी जास्त होती. मुलांच्या कानांवर रोज काय पडते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

आधी नोटेविषयी. कागदी डॉलरवर ते शब्द 1957 पासून आले. अमेरिकेची राज्यघटना 1787 ची. सरकारी पदासाठी धर्माची अट असणार नाही, असे तिच्यात लिहिले आहे. 1791 च्या पहिल्या दुरुस्तीने काँग्रेसला अधिकृत धर्म स्थापण्यास मनाई केली. मुस्लिम त्रिपोलीशी झालेल्या आणि 1797 मध्ये मंजूर केलेल्या तहात तर अमेरिकेचे सरकार ख्रिस्ती धर्मावर उभारलेले नाही, असे स्पष्ट नमूद केले आहे.

मग त्या देशाच्या उभारणीत ख्रिस्ती धर्माचा वाटाच नव्हता का? होता. व्हर्जिनियात परवान्याशिवाय प्रवचन केले म्हणून बाप्टिस्ट या लहान पंथाचे उपदेशक तुरुंगात गेले होते. त्यांनी आपल्या चर्चसाठी राजाश्रय मागितला नाही. सरकारने कुणाच्याच श्रद्धेत हात घालू नये, अशी त्यांची मागणी होती. जेफरसन यांनी लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा 1786 मध्ये व्हर्जिनियात झाला, त्याला या लोकांचे मोठे बळ होते.

आपल्याकडेही असेच काहीसे घडले. घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर. त्यांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यातले. घटना समितीचे उपाध्यक्ष होते बंगालचे ख्रिस्ती नेते डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी. अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्षही तेच. धर्म मानण्याचा आणि आचरण्याचा हक्क मिळणार, हे दिसत होते. ‘प्रचार’ या शब्दासाठी मात्र ख्रिस्ती समाज विशेष आग्रही राहिला. त्यावर जोरदार चर्चा झाली. धर्म खासगीत पाळावा, पोशाखावरून तो ओळखूही येऊ नये, असे सुचवणारे सदस्य तजम्मुल हुसेन तर मुस्लिमच होते. अखेर 6 डिसेंबर 1948 रोजी ‘प्रचार’ शब्दासह ते कलम मंजूर झाले. आजचे कलम 25 तेच.

हा हक्क फक्त ख्रिश्चनांना मिळालेला नाही. तो सर्व व्यक्तींना आहे. आपण सीरतचा जलसा घेतो, इस्लामवर मराठीत पुस्तके काढतो, हे मासिक तुमच्या हाती येते, ते याच शब्दाच्या आधाराने. अर्थात प्रचार म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सांगितले. दीनमध्ये जबरदस्ती नाही, ही कुरआनची शिकवण मानणाऱ्यांना सांगणे आणि लादणे यांतला फरक ठाऊक असायला हवा.

उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने करावी, अशी सूचना ह. वि. कामत यांनी 17 ऑक्टोबर 1949 रोजी मांडली. बाजूने 41 आणि विरोधात 68 मते पडून ती फेटाळली गेली. श्रद्धावंतांना हे खटकेल. पण हृदयनाथ कुंझरू यांचा आक्षेप विचार करण्यासारखा होता. जी उद्देशिका श्रद्धेचे स्वातंत्र्य देते, तिनेच श्रद्धा लादू नये, असा त्याचा आशय. म्हणूनच “आम्ही भारताचे लोक” म्हणताना ती मुलगीही त्या ‘आम्ही’त येते. तिला आम्ही हेच उत्तर दिले.

मक्केतला छळ असह्य झाला तेव्हा पहिल्या मुहाजिरांना हबशाच्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने आसरा दिला. हा प्रसंग आपण मुलांना आवडीने सांगतो. त्याच्याच शेजारी कलम 25 ची गोष्टही सांगावी. आणि कुठल्या चर्चवर दगड पडल्याची बातमी वाचली, तर ‘ते त्यांचे ते बघतील’ म्हणून पान उलटू नये. ज्या कलमाने ते चर्च राखायचे, तेच आपली मशीदही राखते.