जीवाणूची दोन दारं

बाळांनो, घाटकोपर आणि भांडुपला महापालिकेची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं आहेत. आपल्या मोरीचं, संडासाचं पाणी तिथं जातं आणि त्याबरोबर जातात ई. कोलाय नावाचे जीवाणू, आपल्याच आतड्यांत राहणारे. लांबी साधारण २ मायक्रोमीटर. एका मिलिमीटरात ५०० ओळीनं मावतील!

त्या पाण्यात मेलेल्या पेशींचे डीएनए आणि आरएनए तुटून तुकडे झालेले असतात. असाच एक तुकडा म्हणजे न्यूक्लिओसाइड: एक शर्करा आणि तिला जोडलेला एक बेस. तो बेस नव्यानं घडवायला पेशीला बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात. आयता मिळाला तर केवढी बचत! शिवाय शर्करेतून ऊर्जा मिळते, ती वेगळीच.

पण आत यायचं कसं? ई. कोलायला दोन आवरणं असतात, जसं कुंपणाला फाटक आणि मग घराला दार. बाहेरच्या आवरणात टीएसएक्स नावाची प्रथिनाची नळी असते, तिच्यातून न्यूक्लिओसाइड पहिली वेस ओलांडतं. आतल्या आवरणात न्यूपसी आणि न्यूपजी ही प्रथिनं असतात. पेशी हायड्रोजनचे आयन सतत बाहेर ढकलते. ते या प्रथिनांतून परत आत येताना न्यूक्लिओसाइडला सोबत घेऊन येतात. म्हणून बाहेर ते अगदी थोडं असलं तरी आत गोळा करता येतं.

आता खरी गंमत ऐका. ही दारं पेशी एरवी फार बांधत नाही. सायटआर नावाचं प्रथिन त्यांच्या जनुकांना रोखून धरतं. तुम्ही विचाराल, "आजोबा, दारंच नाहीत तर माल आला हे कळणार कसं?" थोडी दारं कायम असतात, बाळांनो. त्यांतून सायटिडीन हे न्यूक्लिओसाइड आत आलं की ते सायटआरला चिकटतं, त्याची पकड सुटते आणि दारं वाढतात. पण तिथंही एक अट आहे. ग्लुकोज भरपूर असेल तर सायक्लिक एएमपी हा भुकेचा निरोप कमी पडतो आणि जनुकं पूर्ण जोमानं चालत नाहीत.

ही काटकसर उगाच नाही. दार बांधायला प्रथिन खर्ची पडतं आणि दारातून शत्रूही येतो. टी६ नावाचा विषाणू नेमका टीएसएक्सलाच चिकटून जीवाणूवर हल्ला करतो.

शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणू दाखवतील, तेव्हा नुसता आकार पाहून उठू नका. आत काय येतं, कशाच्या जोरावर येतं आणि ते कोण ठरवतं, हे तिन्ही प्रश्न बाईंना जरूर विचारा.