वाघदेवाला ऑइलपेंट मारण्याआधी हे वाचा

सुरगाणा : वाघबारस जवळ आली की पाड्यापाड्यांवर वाघदेवाच्या ठाण्याची साफसफाई निघते. अलीकडे त्यात ऑइलपेंटचा डबा असतो, वर्गणी बरी जमली तर सिमेंट आणि टाइल्सही. हेतू चांगलाच, पण जुनं काम त्यानेच खराब होतं.

आधी आपल्या गडाचं पाहू. सप्तशृंगी देवीची अठरा हातांची, सुमारे आठ फूट उंच मूर्ती कड्यातच कोरलेली आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर शेंदूर चढत गेला. 2022 मध्ये 21 जुलैपासून दर्शन बंद ठेवून तो थर तज्ज्ञांकडून काढला गेला. एक टनाच्या वर शेंदूर निघाला! घटस्थापनेला, 26 सप्टेंबरला, दर्शन सुरू झालं तेव्हा भाविकांना देवीचं वेगळंच रूप दिसलं. ते नवं नव्हतं, थराखालचं मूळ कोरीव काम होतं.

मग थर काढला की झालं? तसंही नाही. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव ठेवलेलं बॉम जीझस चर्च आहे, 1605 सालचं. पोर्तुगीजांच्याच काळात, 1950 च्या दशकात, इमारत जुनी दिसावी म्हणून त्याचा बाहेरचा चुन्याचा गिलावा काढला. आतला जांभा उघडा पडला. जांभा पाणी पितो, त्यामुळे दर पावसाळ्यात तो झिजतोय. पुन्हा गिलावा करावा असं जाणकार म्हणतात, पण लोकांना आता लाल चर्चच खरं वाटतं.

फरक इथे आहे. शेंदूर श्रद्धेने चढत गेला, गिलावा मात्र गवंड्याने दगड वाचवायला दिला होता. कुठला थर कशासाठी, हे कळल्याशिवाय खरवडायचंही नाही आणि नवा चढवायचाही नाही.

आता आपला वाघदेव. लाकडावर वाघ, नाग, चंद्र-सूर्य कोरलेले. ऑइलपेंटने लाकडाचा श्वास बंद होतो. बुंध्यातून चढलेली ओल आत कोंडते, वरून खांब चकचकीत आणि आतून भुसा. दगडाला सिमेंट लावलं की तेच होतं. पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही, मग दगडाचे पापुद्रे सुटतात. जोडकाम करायचंच तर चुना बरा. ॲसिडने धुणं, ग्राइंडर फिरवणं तर नकोच. नवा खांब उभा केला तरी जुना टाकू नका, कोरड्या जागी ठेवा.

खरं तर ठाण्याला रंगापेक्षा आजूबाजूची व्यवस्था जास्त उपयोगी. बुंध्याशी पाणी साचू नये म्हणून बाहेर उताराची चारी काढा, वाळवी बघत राहा. ओटा करताना झाड तोडू नका, त्याच्या मुळांवर काँक्रीट ओतू नका. काम सुरू करण्याआधी चारी बाजूंनी मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि भगताला, जुन्या माणसांना विचारा.

जुनं देऊळ किंवा कोरीव दगड असेल तर हात लावण्याआधी नाशिकला सरकारवाड्यातल्या पुरातत्व कार्यालयात चौकशी करा. संरक्षित स्मारक असेल तर परवानगीशिवाय काम करताच येत नाही.