करांच्या भाषणाला क्रिकेटचं मैदान

१९५६ साली अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफ यांनी मुंबईत मुक्त उद्योगाच्या प्रचारासाठी ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ काढलं, तेव्हा देशात सरकारी नियोजनाचा जोर होता. फोरमने थेट लोकांना गाठलं, छोट्या पुस्तिका आणि व्याख्यानांतून. खरी कमाल फोरमचे वक्ते, कायदेपंडित नानी पालखीवालांची. हॉटेलातल्या सभागृहात सुरू झालेलं त्यांचं अर्थसंकल्पावरचं भाषण पुढे ब्रेबॉर्न स्टेडियमवर न्यावं लागलं. करांची आकडेमोड ऐकायला मैदान भरतं, म्हटल्यावर वर्तमानपत्रं दखल घेणारच! धोरण मात्र सहज हललं नाही. १९७३-७४मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. १९९१चं उदारीकरण परकीय चलनाच्या टंचाईने घडवलं. पण तोवर परवानाराजविरोधी, म्हणजे उद्योगांवरच्या सरकारी परवान्यांच्या सक्तीविरोधी, युक्तिवाद शहरी मध्यमवर्गाच्या चांगल्या परिचयाचे झाले होते.